मोटारसायकलवरील कॅमेरा : निवड आणि बांधणी

— बी. ए. भाग २

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्र ही केवळ विज्ञान शाखेची मालमत्ता नव्हे. ते ज्याच्या अंगणात उभे असते त्याचेही असते. आमच्या अंगणात मोटारसायकली उभ्या असतात. माझे वडील अमरावती–अकोला रस्त्यावरील एका फाट्यावर मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान चालवितात. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातील मी पहिलाच. त्यामुळे आठवड्यातील सहा दिवस समाजशास्त्राचे पुस्तक आणि रविवारी पाना-पेचकस, अशी माझ्या शिक्षणाची विभागणी झालेली आहे. प्रस्तुत लेखात ही दोन्ही शिक्षणे एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आहे.

अलीकडे मोटारसायकलवर चलच्चित्र घेणारा छोटा कॅमेरा बसविण्याची प्रथा तरुणांत वाढली आहे. चिखलदऱ्याच्या घाटात रविवारी गेले तर दर चार-पाच गाड्यांमागे एका गाडीवर तो दिसतो. या कॅमेऱ्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील निक वुडमन या तरुणाने २००२ साली गोप्रो ही कंपनी काढली. समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या खेळाडूंना स्वतःचे फोटो घेता यावेत, एवढाच त्याचा हेतू होता. २००४ साली बाजारात आलेला त्याचा पहिला कॅमेरा मनगटावर बांधावयाचा होता आणि त्यात चक्क ३५ मिलिमीटरची फिल्म घालावी लागे. पुढे डिजिटल तंत्र आले, आणि मनगटावरचा कॅमेरा हेल्मेटवर, सायकलवर, मोटारसायकलवर चढला. खेळासाठी जन्मलेली ही वस्तू आज आपल्या रस्त्यावर आली आहे. ती खेळापुरतीच ठेवावयाची की तिला काही काम सांगावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न का पडला?

दोन वर्षांपूर्वी, सोयाबीनच्या हंगामात, आमच्या गावातील एक गृहस्थ रात्री आठच्या सुमारास मूर्तिजापूरहून मोटारसायकलने घरी परतत होते. मागून आलेल्या एका वाहनाने त्यांना धडक दिली आणि ते वाहन न थांबता निघून गेले. गृहस्थ जागीच गेले. वाहन ट्रक होते की टेम्पो होते, हेसुद्धा अखेरपर्यंत ठरले नाही. मागे पत्नी आणि शिकणाऱ्या दोन मुली राहिल्या.

त्यानंतर त्या घरातील कागदपत्रे लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. कारण गल्लीत कॉलेजात जाणारा मीच होतो. त्या निमित्ताने मला कायद्याची एक गोष्ट प्रथमच कळली, ती येथे मुद्दाम सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ नुसार, धडक देऊन पळालेल्या वाहनाची ओळख पटली नाही, तर मृताच्या वारसांना ठरावीक रक्कम मिळते. ही रक्कम १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये आहे. गंभीर जखमी झालेल्यास पन्नास हजार. त्याआधी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. परंतु वाहनाचा नंबर समजला, तर कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा लावता येतो. तेथे मृताचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते. कमावता, चाळिशीचा माणूस असेल तर ही रक्कम दोन लाखांच्या कितीतरी पट होऊ शकते.

म्हणजे त्या दोन मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न एका पत्र्यावरील अक्षरांशी जोडलेला होता. ती अक्षरे कोणीही वाचली नव्हती.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. धडक देऊन वाहन पळून गेले अशा अपघातांतील मृतांची संख्या तीस हजारांहून अधिक होती.

आणि आमचा रस्ता? पूर्वीचा ६ क्रमांकाचा व आताचा ५३ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग २०२२ च्या जूनमध्ये जगभर गाजला. ३ जूनच्या सकाळी काम सुरू करून ७ जूनच्या सायंकाळपर्यंत, म्हणजे १०५ तास ३३ मिनिटांत, लोणी ते माना या टप्प्यात एकपदरी हिशेबाने सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. सातशेवीस माणसे रात्रंदिवस राबत होती. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला, ही आनंदाचीच गोष्ट. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. तेव्हा वऱ्हाडातील मोटारसायकलस्वाराचा लांबचा रस्ता हाच. कापसाच्या गाड्या, ऊस-संत्र्यांचे ट्रक, खासगी बसगाड्या आणि शंभर सी.सी.ची मोटारसायकल अशी सगळी मंडळी येथे एकाच डांबरावर असतात.

मी कॅमेऱ्यावर लेख लिहितो आहे हे समजल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला : "नंबर दिसत नसन, तं त्या डब्ब्याचा काय उपेग?" हाच प्रश्न मी या लेखाची कसोटी म्हणून घेतला आहे. चित्र किती देखणे, आकाश किती निळे, हे पुढचे. मागून वा पुढून गेलेल्या वाहनाचा नंबर वाचता येतो का, हे आधी.

निवड : कोन आणि ठिपके

दुकानात गेल्यावर विक्रेता दोन गोष्टी मोठ्या आवाजात सांगतो. एक, कॅमेरा "फोर के" आहे. दोन, त्याची भिंग "वाइड" आहे. पहिली गोष्ट नंबर वाचण्यास मदत करते आणि दुसरी तीच मदत हिरावून घेते. कसे ते पाहू.

डिजिटल चित्र हे बारीक ठिपक्यांचे असते. साध्या "फुल एच.डी." चित्रात आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात, "फोर के" चित्रात ३८४०. भिंग जितके रुंद बघेल, तितके हे ठिपके जास्त जागेवर पसरतात. शेंगदाणे तेवढेच आणि ताटे वाढली, तर प्रत्येक ताटात कमी पडणार, तसाच हा हिशेब. नियमानुसार मोटार, ट्रक वगैरे वाहनांच्या नंबरातील अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर असते. दुचाकीच्या मागील पाटीवर अक्षरे ३५ आणि अंक ४० मिलिमीटरचे असतात.

शाळेत शिकलेली त्रिकोणमिती येथे कामी येते. १२० अंशांत पाहणारा कॅमेरा १० मीटर अंतरावर सुमारे साडेचौतीस मीटर रुंदीचे दृश्य टिपतो. फुल एच.डी.मध्ये एक ठिपका १८ मिलिमीटर जागा व्यापतो; म्हणजे ट्रकच्या नंबरातील एक अक्षर साडेतीन ठिपक्यांत बसवावे लागते. साडेतीन ठिपक्यांत अक्षर ओळखता येणे शक्य नाही. हाच कॅमेरा ७० अंशांवर आणला, तर दृश्य १४ मीटर रुंद होते आणि अक्षराला नऊ ठिपके मिळतात. ७० अंश आणि फोर के असे दोन्ही असेल, तर सुमारे अठरा ठिपके मिळतात.

कागदावरील हा हिशेब प्रत्यक्षात पडताळून पाहण्यासाठी मी लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका मित्राकडून कॅमेरा मागून आणला. दुकानासमोर उभ्या असलेल्या जीपपासून दोरीने मोजून ५, १० आणि १५ मीटरवर चुन्याच्या खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवरून निरनिराळ्या कोनांत चित्र घेतले. अक्षराला बारा-तेरा ठिपके मिळाले की नंबर निःशंक वाचता येत होता. आठ-नऊ ठिपक्यांत अंदाज बांधावा लागे. त्याखाली इंग्रजी ८ आणि ३, ६ आणि ८, शून्य आणि डी यांचा घोळ सुरू होई. अकोल्याच्या गाडीचा एमएच ३० हा नंबर एमएच ८० असा दिसू लागतो. आणि चुकीचा नंबर हा नंबर नसण्यापेक्षाही वाईट, कारण त्यात निरपराध माणूस गुंतू शकतो.

तेव्हा निवडीचा पहिला नियम असा : कोन कमी-जास्त करता येईल असाच कॅमेरा घ्यावा आणि तो ७० ते ९० अंशांच्या आसपास ठेवावा. अनेक कॅमेऱ्यांत "लिनियर" किंवा "नॅरो" अशा नावाने ही सोय असते. घाटातील देखाव्यासाठी रुंद कोन चांगला, पण महामार्गासाठी नव्हे.

निवड : उघडझाप आणि थरथर

दुसरा शत्रू म्हणजे कंप. एकसिलिंडर मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर गाडीला सेकंदाला सुमारे त्र्याऐंशी हिसके बसतात. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेतो, आणि त्यातही एकेक चित्र एकदम न टिपता वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत गाडी हललेली असते. परिणामी सरळ विजेचा खांब सापासारखा वळवळतो आणि नंबरप्लेट थरथरत्या पाण्यातील प्रतिबिंबासारखी दिसते.

यावर उपाय दोन. पहिला उपाय उघडझापेचा, म्हणजे शटरचा. शटर सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत उघडे राहिले, तर तेवढ्यात इंजिनाचा एक पूर्ण हिसका चित्रात मिसळतो. तेच हजाराव्या भागापर्यंत उघडे ठेवले, तर हिसक्याचा अगदी थोडा अंश मिसळतो. वऱ्हाडातील दुपारच्या उन्हात प्रकाशाची वाण नाही. तेव्हा शटरचा वेग हाताने ठरविता येईल असा कॅमेरा असल्यास दिवसा तो हजाराच्या पुढे ठेवावा. चित्र जरा तुटक दिसेल, परंतु प्रत्येक सुटे चित्र रेखीव येईल. आपल्याला सिनेमा पाहावयाचा नसून एक पाटी वाचावयाची आहे.

दुसरा उपाय म्हणजे कॅमेऱ्यातील स्थिरीकरण. याचे दोन प्रकार आहेत. एकात भिंग किंवा त्यामागील पडदा सूक्ष्म स्प्रिंगांवर प्रत्यक्ष हलतो. दुसऱ्यात काहीही हलत नाही, चित्राची कड कापून आतल्या आत जुळवाजुळव केली जाते. मोटारसायकलसाठी दुसरा प्रकार सुरक्षित. येथे मोबाइल वापरणाऱ्या मित्रांना एक इशारा देणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीने स्वतःच जाहीर केले की मोठ्या मोटारसायकलींच्या कंपामुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते. फोन थेट हँडलवर वा सांगाड्यावर बसवू नये. मोपेड व विजेच्या स्कूटरवरही कंप शोषणारी बैठक वापरावी, असा त्यांचा सल्ला आहे. तोच न्याय अशी यंत्रणा असलेल्या इतर मोबाइलांना लागू करणे शहाणपणाचे. घरातील एकुलता एक फोन हँडलला बांधून त्याचा डोळा गमावणे परवडणारे नाही.

निवड : ऊन, धूळ, कार्ड

अकोल्याचे ऊन मी वाचकांना सांगावयास नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या डबीच्या आत तो आणखी चढतो. बहुतेक ॲक्शन कॅमेरे तापले की आपोआप बंद पडतात. फोर के चित्र घेताना ते लवकर तापतात. यासाठी उन्हाळ्यात चित्राचा आकार एक पायरी उतरवून कोन आणखी अरुंद करावा, म्हणजे ठिपक्यांचा हिशेब फार बिघडत नाही. गाडी उभी करताना कॅमेरा काढून खिशात किंवा डिक्कीत ठेवावा. लिथियमच्या बॅटरीला सर्वांत जास्त मारक गोष्ट उष्णताच आहे.

धूळ-पाण्यासाठी खोक्यावर "आय. पी." आणि दोन अंक छापलेले असतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ याचा अर्थ धूळ मुळीच आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवले तरी चालते. आपल्याकडील आषाढातील पावसाला एवढे पुरे.

स्मृतिकार्डाबाबत लोक काटकसर करतात आणि तेथेच फसतात. सेकंदाला वीस मेगाबिट या दराने फुल एच.डी. चित्र तासाला नऊ जीबी जागा खाते. साठ मेगाबिटच्या दराने फोर के चित्र सत्तावीस जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर पहिले सात तास मावते, दुसरे जेमतेम सव्वादोन तास. कार्ड भरले की जुने पुसून त्यावर नवे लिहिण्याची सोय कॅमेऱ्यात असावीच. परंतु असे सतत पुसणे-लिहिणे साध्या कार्डाला सोसत नाही. त्यासाठी "एंड्युरन्स" असे छापलेले कार्ड मिळते, ते घ्यावे. चित्रीकरणाचे तुकडे एकेका मिनिटाचे ठेवावेत. अपघातात वीज तुटली तर शेवटचा तुकडा खराब होतो. तो पंधरा मिनिटांचा असण्यापेक्षा एका मिनिटाचा असलेला बरा. कॅमेऱ्याला स्वतःची छोटी बॅटरी वा कपॅसिटर असल्यास तोही तुकडा वाचतो.

बांधणी : जागा कोणती?

आता बांधणीकडे वळू. गाडीचा कोणता भाग किती थरथरतो हे पाहण्याची वडिलांची एक सोपी रीत आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन चालू करावयाचे आणि पाण्याने अर्धी भरलेली स्टीलची वाटी निरनिराळ्या ठिकाणी टेकवून धरावयाची. जेथे पाण्यावर बारीक दाणे उठतात ती जागा वाईट. जेथे पाणी नुसते डुलते ती बरी. या वाटीने आम्ही दुकानात आलेल्या पाच-सहा गाड्या तपासल्या.

हँडलची दोन्ही टोके सर्वांत वाईट निघाली. आरशाची दांडी त्याहून बरी नाही. ती तर स्वतःच वेताच्या छडीसारखी झुलते. हँडल जेथे पुढच्या चिमट्याला आवळलेले असते, ती मधली जागा पुष्कळ शांत असते. हँडलचा पाइप बहुधा २२ मिलिमीटर जाडीचा असतो, तेव्हा तेवढ्या मापाचा धातूचा क्लॅम्प घ्यावा. प्लॅस्टिकचा उन्हात ठिसूळ होतो. लेगगार्डवर कॅमेरा बसविल्यास चित्र वेगवान आणि थरारक दिसते, पण खडी आणि चिखल यांचा पहिला मार त्यालाच बसतो.

मागील बाजूस अनेकजण नंबरप्लेटच्या शेजारी, मडगार्डवर कॅमेरा लावतात. ही जागा सर्वस्वी टाकाऊ आहे. प्लॅस्टिकचे मडगार्ड वाऱ्यात फडफडते, आणि आपलाच नंबर झाकला गेला तर तो गुन्हा होतो. त्याऐवजी मागील धरावयाच्या दांडीचे मूळ, जेथे ती बोल्टने सांगाड्याला जोडलेली असते, तेथे बसवावा.

हेल्मेटवरील कॅमेऱ्याविषयी दोन शब्द. माणसाचे शरीर स्वतःच कंप शोषते, म्हणून हेल्मेटवरून चित्र सर्वांत स्थिर येते, आणि मान वळेल तिकडे कॅमेरा वळतो. परंतु हेल्मेट हे डोके वाचविण्यासाठी असते आणि ते आय. एस. ४१५१ या भारतीय मानकाप्रमाणे गुळगुळीत, रस्त्यावरून घसरू शकेल असे घडविलेले असते. त्यावर उंचवटा बसविला तर पडताना तो अडकतो आणि मानेला पीळ बसतो. भोक पाडणे तर आत्मघातच. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ साली हेल्मेटवरील कॅमेऱ्याविरुद्ध कारवाईचे पाऊल उचलले, ते याच कारणाने. छातीवरील पट्ट्यात कॅमेरा बांधणे हा त्यातल्या त्यात निर्धोक पर्याय; मात्र पडल्यास बरगडीवर ठोसा बसेल हे ध्यानात ठेवून लहान व हलकाच कॅमेरा निवडावा.

बांधणी : रीत

बांधताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, दांडी शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब दांडीच्या टोकाला कंप अनेकपटींनी वाढतो. दुसरी, धातू आणि धातू यांच्यामध्ये रबर असावे. आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून क्लॅम्पच्या आत दोन वेढ्यांनी घातली. एक वेढा कमी पडला. चार वेढे घातले तर क्लॅम्प फिरू लागला. रबर दबलेले असावे, पण पूर्ण चेपलेले नसावे; बोटाने जोर दिल्यावर कॅमेरा किंचित झुलून लगेच जागेवर यावा. तिसरी गोष्ट म्हणजे साधा नट न वापरता नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. साधा नट कंपाने पन्नास किलोमीटरांत सैल होतो. यावरही विश्वास न ठेवता कॅमेऱ्याला नायलॉनची दोरी बांधून तिचे दुसरे टोक सांगाड्याला अडकवावे. सुटलेला कॅमेरा आपल्याच चाकात किंवा मागच्याच्या तोंडावर जाऊ नये.

विजेची जोडणी करताना गाडीची १२ व्होल्टची वीज ५ व्होल्टवर आणणारा कन्व्हर्टर लागतो. ही तार चावीने चालू-बंद होणाऱ्या वाहिनीवर घ्यावी, म्हणजे रात्रभर कॅमेरा चालून बॅटरी बसणार नाही. मध्ये फ्यूज घालावाच. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना, हे तपासावे. हा शेवटचा सल्ला साधा वाटेल. पण ताणून तुटलेल्या तारांचे शॉर्टसर्किट दुकानात नेहमी दुरुस्तीला येते.

पुढे की मागे?

एकच कॅमेरा परवडत असेल, तर तो कोठे बसवावा? बहुतेकजण पुढे बसवितात. मीही आधी तेच गृहीत धरले होते; हिशेब मांडल्यावर मत बदलले.

समोरून येणारे वाहन साठच्या वेगाने आणि आपणही साठच्या वेगाने असलो, तर दोघांतील अंतर सेकंदाला तेहतीस मीटरने घटते. दहा मीटरपासून पाच मीटरपर्यंत येण्यास त्याला सेकंदाचा सातवा भाग पुरतो; तेवढ्यात कॅमेरा चार-पाच चित्रे घेतो. त्यांतील एखादे वाचनीय निघाले तर नशीब. याउलट मागून येऊन ओलांडून जाणाऱ्या वाहनाचा आपल्यापेक्षा वेग ताशी वीस किलोमीटरने जास्त असेल, तर ते सेकंदाला साडेपाच मीटर एवढेच सरकते. तीन मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत जाण्यास त्याला दोन सेकंद लागतात. कॅमेऱ्याला साठ चित्रे मिळतात. साठातील एक स्पष्ट आले तरी काम झाले.

पण मागून धडक बसली तर? मोटारसायकल पडते. पुढचा कॅमेरा आकाश, गवत किंवा डांबर टिपू लागतो आणि वाहन त्याच्या नजरेबाहेर निघून जाते. मागच्या कॅमेऱ्याने मात्र धडकेपूर्वीचे दोन सेकंद आधीच कार्डावर लिहून ठेवलेले असतात. म्हणून प्रवासाची आठवण हवी असेल तर कॅमेरा पुढे बसवावा, आणि साक्ष हवी असेल तर मागे. दोन्ही डोळे असलेला दुहेरी डॅशकॅम परवडत असेल तर उत्तमच.

रात्रीचे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रात्री मागच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात येणाऱ्या वाहनाचा हेडलाइट जातो आणि पाटी त्या झगझगाटात बुडते. पुढच्या कॅमेऱ्यात आपल्याच दिव्याने परावर्तक पाटी पांढरीफटक होते. चित्राचा उजेड दोन पायऱ्या कमी केल्यास ती वाचता येते. आमच्या गावातील त्या गृहस्थांच्या गाडीवर मागे कॅमेरा असता तर नंबर मिळाला असता का? हे मी त्या रस्त्यावर त्याच वेळी दोन रात्री उभे राहून पाहिले. नंबर मिळाला नाही. पण दिव्यांची उंची, दोन दिव्यांमधील अंतर, टपावरील रांगेतील छोटे दिवे आणि बाजूने जाताना दिसणारा रंग एवढे मिळाले. ट्रक होता की टेम्पो, किती वाजून किती मिनिटांनी गेला, हे ठरले असते. पुढच्या नाक्यांवरील कॅमेऱ्यांत त्या मिनिटाला कोण गेले, हे शोधण्यास तेवढा धागा पुरतो. त्यासाठी कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर असणे अत्यावश्यक आहे. ते दर महिन्याला मोबाइलशी जुळवावे.

चित्र मिळाल्यावर

पुरावा हाती आला तरी तो पुरावा म्हणून टिकविणे हे वेगळे काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ अशा नोंदींविषयी आहे. त्यानुसार चित्रफितीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात फाइलीचे "हॅश" मूल्य लिहावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलीचा अंगठाच. एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. म्हणून अपघातानंतर कार्ड ताबडतोब काढून बाजूला ठेवावे, त्यावर पुन्हा काही लिहू देऊ नये. चित्रफीत कापू नये, त्यावर गाणे चढवू नये, आणि व्हॉट्सॲपवर पाठविलेली प्रत मूळ समजू नये. तेथे ती दाबून लहान केली जाते व अक्षरांचे ठिपके गळून जातात.

आणि हे सर्व करण्याआधी, जखमी माणूस समोर असेल तर त्याला दवाखान्यात पोचवावे. मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे कलम १३४अ हे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. मदत करणाऱ्याने भिण्याचे कारण नाही.

आणखी एक मर्यादा. आपल्या कॅमेऱ्यात रस्त्याने जाणाऱ्या मुली, शेतातील बाया, दुसऱ्याचे भांडण, अपघातातील प्रेत, असे पुष्कळ काही येते. ते साठवून दाखवीत फिरण्याचा अधिकार आपल्याला नाही. काम नसलेले आपोआप पुसले जाते, हाच या यंत्राचा मोठा गुण मानावा.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर : कोन अरुंद, शटर वेगवान, स्थिरीकरण न हलणारे, कार्ड टिकाऊ; जागा सांगाड्याजवळची, दांडी आखूड, मध्ये रबर, वर दोरी; आणि एकच कॅमेरा असेल तर तो मागे. यांतील कोणत्याही गोष्टीला फार पैसा लागत नाही. साधा, फुल एच.डी.चा, ७० अंशांत पाहणारा कॅमेरा नीट बांधला, तर तो हँडलच्या टोकावर लटकविलेल्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक वाचतो, हे आम्ही दुकानासमोर पडताळून पाहिले आहे.

कॅमेरा धडक थांबवीत नाही, हेही विसरता कामा नये. धडक थांबविण्यासाठी मागचा लाल दिवा आणि बेताचा वेग हीच साधने आहेत. या हंगामात वडिलांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गाडीचा मागचा दिवा न सांगता तपासण्यास सुरुवात केली आहे. बंद असल्यास बल्बचे तेवढे पैसे घेतात, मजुरी घेत नाहीत. आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावरही असा एक दिवस ठेवता येईल. पाने आणि पेचकस मी घेऊन येईन.